रंगावरून तरंगलांबी काढता येते का?

लोलकवाला
नमस्कार मंडळी. हौस म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. स्क्रीनवर एक स्लायडर आहे. तो ३८० पासून ७५० नॅनोमीटरपर्यंत सरकवायचा आणि त्या तरंगलांबीचा रंग खालच्या चौकोनात दिसायचा. इथपर्यंत जमलं. आता उलटं करायचंय: वापरणाऱ्याने कुठलाही रंग निवडावा आणि प्रोग्रॅमने त्याची तरंगलांबी सांगावी.

घोडं तिथेच अडलंय. निळा, हिरवा, लाल ठीक आहेत. पण राणी रंग निवडला तर काय आकडा द्यायचा? वर्णपट या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथा घातला, कुठेच सापडत नाही. तपकिरीही नाही. करडा, गुलाबी, पांढरा यांचं तर नावच सोडा. शाळेपासून ऐकत आलोय की रंग म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. मग प्रत्येक रंगाला आकडा असायलाच हवा ना? कुणाला सूत्र माहीत असेल तर द्या. गणित कितीही किचकट असलं तरी चालेल.

भिंगरी
सूत्र नाही. असूच शकत नाही. सविस्तर सांगणारे येतीलच, तोवर मी जागा धरून बसते.

अवरक्त
वाचतोय.

भिंगरी
@अवरक्त, बरं झालं बोललात. अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा, नाहीतर तुम्ही धाग्यावर आहात हे कळायची सोय नाही, थर्मामीटर लावून बघावं लागलं असतं.

काटकोन
लोलकवाला, "रंग म्हणजे तरंगलांबी" हे एकाच दिशेने खरं आहे. एकाच तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यात शिरला की ठरावीक रंग दिसतो, इथवर बरोबर. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरचा असतो, तो पिवळा दिसतो. पण पिवळं दिसतंय म्हणजे ५८९ चाच प्रकाश येतोय, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

स्क्रीनवर पिवळा चौकोन काढा आणि चांगल्या भिंगातून पाहा. पिवळा ठिपका एकही सापडणार नाही. लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटलेले दिसतील. त्या प्रकाशाचा वर्णपट काढला तर बऱ्याच स्क्रीनवर ५८० च्या आसपास फारसं काही हाती लागत नाही. तरी दिसतो तो पिवळाच.

कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आहे. तिथे तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. पहिल्या प्रकारचा प्रतिसाद ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, दुसऱ्याचा ५३० च्या, तिसऱ्याचा ५६० च्या. या तिसऱ्याला सवयीने "लाल शंकू" म्हणतात, पण ५६० म्हणजे पिवळसर हिरवा! मग लाल कळतो कसा? ६५० च्या प्रकाशाला तिसरी पेशी थोडीफार दाद देते आणि दुसरी त्याहून बरीच कमी. त्या फरकावरून.

आता महत्त्वाचं. एकटी शंकूपेशी रंग सांगूच शकत नाही. तिने फोटॉन (प्रकाशाचा कण) शोषला की तो कुठल्या तरंगलांबीचा होता ही माहिती तिथेच संपते. आवडत्या तरंगलांबीचा मंद प्रकाश आणि नावडत्या तरंगलांबीचा प्रखर प्रकाश यांना ती सारखाच प्रतिसाद देते. मेंदूकडे पोचतात ते फक्त तीन परीक्षकांनी दिलेले गुण, उत्तरपत्रिका नाही. आणि अगदी वेगवेगळ्या उत्तरपत्रिकांनाही तेच तीन आकडे मिळू शकतात. गुणांवरून उत्तरपत्रिका लिहून काढायचं सूत्र तुम्ही मागताय.

टिवल्याबावल्या
आणि राणी रंगाचं काय? त्यावर सर मौन पाळून आहेत.

काटकोन
राणी रंगात पहिली आणि तिसरी पेशी जोरात, मधली मात्र थंड. एकाच तरंगलांबीच्या प्रकाशाने हे घडवता येत नाही, कारण मधलीचं क्षेत्र त्या दोघींच्या मध्येच पसरलंय. लाल आणि निळा एकत्र पाठवल्याशिवाय हा प्रतिसाद मिळत नाही. म्हणून वर्णपटात त्याला जागा नाही.

टिवल्याबावल्या
म्हणजे नावाची राणी, राज्य कुठेच नाही.

मीटरपट्टी
जरा थांबा. हे सगळं डोळ्यावर आणि मेंदूवर ढकलायची फॅशन झालीय. उद्या म्हणाल लाल रंग अस्तित्वातच नाही. वर्णपट हे शंभर टक्के भौतिकशास्त्र आहे. १९६० ते १९८३ या काळात मीटरची व्याख्याच रंगीत प्रकाशावर उभी होती: क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी रेषेच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. जगभरातल्या प्रयोगशाळा त्यावर चालत होत्या, त्यात कुणाच्या मेंदूचा संबंध नव्हता. तरंगलांबी मोजता येते, रंग तिच्याशी बांधलेला आहे, विषय संपला.

भिंगरी
@मीटरपट्टी, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे की. मीटर मोजायला वापरली ती रेषेची ६०५.७८ नॅनोमीटर ही लांबी. ती रेषा नारिंगी दिसते याचा मापनात काहीच वाटा नव्हता. ठार आंधळ्या यंत्रानेही तेच मोजलं असतं. लांबी भौतिकशास्त्राची, नारिंगीपणा आपला.

आणि ही आजची फॅशनही नव्हे. खुद्द न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय की किरणांना स्वतःचा रंग नसतो. अमुक रंगाची जाणीव जागी करण्याची क्षमता तेवढी असते. लोलकातून वर्णपट काढणारा माणूसच असं म्हणतोय म्हटल्यावर आपण कोण?

मीटरपट्टी
न्यूटन प्रकाशाला कण समजत होता. त्याला तरंगलांबीचं काय कौतुक.

भिंगरी
कणवाला होता खराच. तरी पातळ थरांवर दिसणारी रंगीत वलयं मोजून त्याने जे आकडे काढले, त्यांवरूनच पुढे थॉमस यंगने १८०१-०२ च्या सुमारास वेगवेगळ्या रंगांच्या तरंगलांब्या काढल्या. त्या आजच्या आकड्यांच्या बऱ्याच जवळ आहेत. डोळ्यात तीनच प्रकारचे ग्राहक असावेत हा अंदाजही त्याच यंगचा. एकाच माणसाने तरंगलांबीही मोजली आणि ती पुरेशी नाही हेही ओळखलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गप्पिष्ट
सात रंगांवरून एक विचारायचं होतं. तानापिहिनिपाजा पाठ करून मोठे झालो, पण इंद्रधनुष्यात मला तो निळा आणि जांभळ्याच्या मधला पारवा कधीही वेगळा दिसलेला नाही. फक्त मलाच दिसत नाही की कुणालाच दिसत नाही?

काटकोन
तुमचे डोळे ठीक आहेत. न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग धरले होते: लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. संगीतातल्या सात स्वरांशी जुळवण्यासाठी नारिंगी आणि पारवा नंतर आत आले. निसर्गात सात कप्पे नाहीत, सलग पट्टा आहे.

तक्त्यांमधल्या सीमारेषाही सोयीच्या. साधारणपणे ४५० पर्यंत जांभळा, ४९५ पर्यंत निळा, ५७० पर्यंत हिरवा, ५९० पर्यंत पिवळा, ६२० पर्यंत नारिंगी आणि पुढे लाल असं लिहितात. पिवळ्याच्या वाट्याला जेमतेम वीस नॅनोमीटर आणि लालला शंभराहून जास्त! ४९० आणि ५९० च्या आसपास आपल्याला एक-दोन नॅनोमीटरचा फरकही कळतो, तर ६८० आणि ७०० मध्ये रंग म्हणून काही फरक जाणवत नाही. लोलकवाला, तुमचा स्लायडर लाल टोकाला कितीही सरकवला तरी चौकोन फक्त काळवंडत जाईल, रंग बदलणार नाही. ते बरोबरच आहे, बग समजू नका.

लोलकवाला
अगदी तसंच होतंय! काल रात्री त्याच बगच्या मागे लागलो होतो.

दुरंगी
या धाग्यावर बोलायचा मला खास अधिकार आहे. माझ्याकडे मधल्या प्रकारच्या शंकूपेशीच नाहीत, जन्मापासून. लाल-हिरव्याचा घोळ. लोकांना वाटतं आम्हाला जग काळं-पांढरं दिसतं. तसं नाही. निळा झकास दिसतो, पिवळा झकास दिसतो. पण ५५० पासून ६५० पर्यंत तुम्ही चार-चार नावं घेता, तिथे मला एकाच रंगाच्या कमी-जास्त उजेडाच्या छटा दिसतात. चार्जिंगचा दिवा लालचा हिरवा झाला की नाही हे मी घरच्यांना विचारतो. असे दिवे डिझाइन करणाऱ्याला एकदा गाठायचं आहे.

पण एक गोष्ट तुमच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. वर्णपटात ४९८ नॅनोमीटरच्या आसपास माझ्यासारख्यांना पांढुरका, रंगहीन पट्टा दिसतो. तुम्ही तिथे निळसर हिरवा म्हणता. एकाच तरंगलांबीचा शुद्ध प्रकाश, आणि तो मला पांढऱ्यासारखा! @मीटरपट्टी, आता त्या तरंगलांबीचा "खरा" रंग कुठला, तुमचा की माझा?

टिवल्याबावल्या
_/\_
मीटरपट्टी यांच्या उत्तराच्या प्रतीक्षेत.

मीटरपट्टी
बहुसंख्यांचा. (पळा!)

थोडं गंभीरपणे: दुरंगी, तुमचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी म्हणेन की सामान्य दृष्टीच्या माणसासाठी, एकाच तरंगलांबीच्या प्रकाशापुरतं, नातं पक्कं आहे.

बुबुळ
त्या "पक्कं" ला खिळे ठोकण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरचं चार ओळींचं निवेदन ऐका. सामान्य दृष्टीच्या माणसांतही ते नातं थोडं हलतं. मंद प्रकाश प्रखर केला तर तरंगलांबी तीच राहूनही रंगाची छटा सरकते. संधिप्रकाशात दंडपेशी (पडद्यावरच्या, मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी) पुढे येतात, त्यांचा कल ५०० नॅनोमीटरच्या बाजूला, त्यामुळे दिवसा सारखीच उजळ दिसणारी लाल फुलं आणि हिरवी पानं पाहिलीत तर सांज होताना फुलं आधी काळी पडतात आणि पानं अजून उजळ असतात. उजेडात आपला डोळा ५५५ ला सर्वांत संवेदनशील असतो, तो अंधार पडताना ५०७ कडे सरकतो.

वयाचाही भाग आहे. नेत्रभिंग हळूहळू पिवळं होतं आणि जांभळ्या बाजूचा प्रकाश आतच अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की कुणाच्या लक्षात येत नाही. मोतीबिंदू काढला की दुसऱ्या दिवशी पेशंट विचारतात, "डॉक्टर, भिंतींना निळा रंग दिलात का?" चित्रकार मोने याची १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या आधीच्या काळातली त्याची चित्रं आणि नंतरची, यांतले निळे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पूर्वी भिंग काढून तसंच ठेवत, तेव्हा काहींना ४०० च्या अलीकडचं अतिनीलही निळसर पांढरं दिसे. आताच्या कृत्रिम भिंगांत अतिनील अडवायची सोय असते. त्यामुळे लोलकवाला, तुमचा ३८० हा आकडासुद्धा कुणाच्या डोळ्यासाठी आणि कुठल्या वयासाठी, असं विचारता येईल.

गप्पिष्ट
वाचनखूण साठवली. या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

अवरक्त
नाव घेतल्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, आता बोलतोच. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर फिकट जांभळट पांढरा ठिपका चमकताना दिसेल. रिमोटचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो, आपल्याला अजिबात दिसत नाही. कॅमेऱ्याच्या लाल, हिरव्या, निळ्या तिन्ही गाळण्या तिथे गळक्या, म्हणून कॅमेरा तिन्ही खाती भरतो आणि जांभळट पांढरा असा निकाल देतो. आता ९४० नॅनोमीटरचा रंग जांभळट आहे असं कुणी म्हणेल का? ज्याच्याकडे जसे ग्राहक, त्याला तसा रंग. मधमाशीला अतिनील दिसतं आणि लाल दिसत नाही. तिने तक्ता काढला तर तो आपल्या तक्त्याच्या अलीकडे सुरू होऊन आधीच संपेल.

भिंगरी
वा! यापुढे अदृश्य राहू नका हो.

याच्याच जोडीला एक मजेदार किस्सा. १८६१ मध्ये मॅक्सवेलने लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून एका रंगीत फितीचे तीन फोटो घेऊन ते पडद्यावर एकत्र टाकले आणि रंगीत चित्र दाखवलं. गंमत अशी की त्या काळच्या फोटोच्या काचा लाल प्रकाशाला दादच देत नसत. मग लाल उतरला कसा? फितीतला लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता, ते लाल गाळणीतून निसटत होते आणि काचेवर उमटत होते. प्रयोग अंशतः नशिबाने यशस्वी झाला, आणि हे शंभर वर्षांनी उलगडलं. तीन रंगांचं तत्त्व मात्र पक्कं होतं, आजची प्रत्येक स्क्रीन त्यावरच चालते.

चौरंगी
मी छपाईतला माणूस. तुम्ही ज्याला तत्त्व म्हणताय ती आमची रोजची डोकेदुखी आहे. एका कामात ग्राहकाने कापडाचा तुकडा आणून दिला आणि मुखपृष्ठ याच मोरपंखी रंगात हवं म्हणाला. लाईट बूथमध्ये प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आणि कापड शेजारी ठेवलं, डोळे मिटून सही करावी इतकं जुळलं. तोच प्रूफ त्याने त्याच्या ऑफिसच्या ट्यूबखाली नेला आणि फोन आला, "हा कुठला हिरवा छापलाय?" दोघेही खरे. शाई आणि कापडाचा डाय वेगवेगळ्या तरंगलांब्या परत पाठवतात, फक्त एका विशिष्ट दिव्याखाली त्यांची बेरीज डोळ्याला सारखी पडते. दिवा बदलला की जोडी फुटते. म्हणून बूथमधला प्रकाश ठरलेला असतो, ५००० केल्व्हिनचा, आणि मंजुरी त्याच्याखालीच घ्यायची. त्या दिवसापासून मी प्रूफवर तसं लिहून देतो.

पिवळ्या सोडियम दिव्याखाली गाडी शोधताना तुम्हालाही हे जाणवलं असेल. अगदी शुद्ध पिवळ्या जुन्या प्रकारच्या दिव्याखाली लाल गाडी आणि निळी गाडी दोन्ही काळपट. तिथे ५८९ सोडून दुसरं काही नाहीच, तर गाडी परत काय पाठवणार?

गप्पिष्ट
पांढऱ्या एलईडीचंही तसंच का? तोही पांढरा, सूर्यप्रकाशही पांढरा.

अवरक्त
तोही नकली पांढराच म्हणा. आत साधारण ४५० नॅनोमीटरची निळी एलईडी असते, तिच्यावर फॉस्फरचा लेप. तो थोडा निळा गिळून रुंद पिवळा प्रकाश देतो, उरलेला निळा आणि तो पिवळा मिळून पांढरं. हा निळा एलईडीच मोठा अडसर होता, त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. घरात जुनी सीडी असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर दिव्याचं प्रतिबिंब तिरकं पाहा. सीडीवरच्या वलयांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, त्यामुळे ती प्रकाशाचा वर्णपट उलगडते. एलईडीच्या पट्ट्यात निळ्या आणि हिरव्याच्या मध्ये खळगा दिसेल. जुन्या सीएफएलचे तर तुटक तुटक रंगीत तुकडे दिसतात. डोळ्याने पाहिलं तर सगळे पांढरे.

टिवल्याबावल्या
अवांतर: आकाश निळं का, हे सगळ्यांना पाठ आहे. पण लहान तरंगलांबी जास्त विखुरते तर आकाश जांभळं का नाही? जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहून लहान. हा प्रश्न विचारल्याबद्दल मला वर्गाबाहेर काढलं होतं, म्हणून इथे विचारून घेतो.

काटकोन
वर्गाबाहेर काढायला नको होतं, प्रश्न चांगला आहे. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ४०० चा प्रकाश ७०० च्या नऊपटीहून जास्त विखुरतो. तरी सूर्यप्रकाशात जांभळा निळ्याहून कमी आहे आणि आपल्या डोळ्याची त्या टोकाची संवेदनाही तोकडी आहे. शिवाय आकाशातून फक्त जांभळा येत नाही, सगळे रंग कमी-जास्त प्रमाणात येतात. त्या सगळ्या मिश्रणाचे "तीन गुण" फिकट निळ्याशी जुळतात. पुन्हा तेच: आकाशाच्या निळ्याला एकच तरंगलांबी लावता येत नाही.

भिंगरी
आकाश निघालं म्हणून समुद्रही. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं म्हणणं होतं. १९२१ मध्ये रामन 'नारकुंडा' बोटीने युरोपातून परतत होते. त्यांनी ध्रुवीकरण करणाऱ्या निकोल लोलकातून बघून आकाशाचं प्रतिबिंब वगळलं. समुद्र निळाच, उलट जास्त गडद. तिथून प्रकाश विखुरण्याचा ध्यास लागला आणि १९२८ मध्ये रामन परिणाम सापडला.

@मीटरपट्टी, तुम्हाला आवडेल अशी बाब आहे. रामन परिणामात विखुरलेल्या प्रकाशाच्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबी खरोखर बदलते, फोटॉन आपली थोडी ऊर्जा रेणूला देऊन येतो. मेंदूचा काही खेळ नाही.

मीटरपट्टी
आवडली. आता मीही एक तक्रार नोंदवतो. तुम्ही सगळे तरंगलांबी तरंगलांबी करताय, पण रंगाशी खरं नातं वारंवारतेचं, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याचं, आहे. ६०० नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश पाण्यात शिरला की त्याची तरंगलांबी ४५० होते, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे प्रकाश तिथे तेवढ्या पटीने हळू, म्हणून. तक्त्यात ४५० ला निळा लिहिलाय. पाण्यात बुडी मारल्यावर नारिंगी वस्तू जवळून निळी दिसते का? नाही. कारण वारंवारता बदलत नाही.

काटकोन
इथे शंभर टक्के सहमत. पाण्याचंही जाऊ द्या, आपल्या डोळ्याच्या आतल्या द्रवाचा अपवर्तनांकच १.३४ च्या घरात. म्हणजे बाहेर कुठूनही या, पडद्यावर पोचेपर्यंत "६०० नॅनोमीटर" ची लांबी ४५० च्या आसपास झालेली असते. शंकूपेशीतला रेणू लांबी मोजतच नाही, फोटॉनची ऊर्जा पुरेशी जुळते का ते बघतो, आणि ऊर्जा वारंवारतेवर ठरते. ७०० ला १.७७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ४०० ला ३.१. तक्त्यातले आकडे निर्वातातले किंवा हवेतले, एवढं गृहीत धरायचं.

तरी आपण लांबीच का वापरतो? कारण ती आधी मोजता आली. यंगच्या काळात प्रकाशाच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजून लांबी निघत होती. सेकंदाला चारशे ते साडेसातशे लाख कोटी कंपनं थेट मोजायला विसावं शतक बरंच पुढे सरकावं लागलं. सवय पडली ती पडली.

गप्पिष्ट
आता मूळ प्रश्नाकडे वळूया का? लोलकवाला बिचारे कोपऱ्यात बसलेत.

लोलकवाला
बिचारा वगैरे नाही, मजेत वाचतोय. पण प्रोग्रॅम अजून अर्धाच आहे. सूत्र नाही हे पटलं. मग "हा पर्याय उपलब्ध नाही" असा संदेश दाखवून मोकळा होऊ?

चौरंगी
नको, मोकळे होऊ नका. नेमकी तरंगलांबी मिळत नाही, पण प्रभावी तरंगलांबी काढता येते आणि आमच्या धंद्यात ती रोज वापरतात. १९३१ चा रंगांचा नकाशा (सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचा) घ्या, घोड्याच्या नालेसारखा दिसतो. नालेच्या वाकड्या कडेवर सगळ्या शुद्ध तरंगलांब्या ओळीने बसलेल्या असतात. मध्ये कुठेतरी पांढरा बिंदू. तुमचा रंग त्या नकाशावर मांडा, पांढऱ्यापासून त्याच्यामधून रेघ ओढा आणि कडेला जिथे लागेल तो आकडा घ्या. म्हणजे "एवढ्या तरंगलांबीचा शुद्ध प्रकाश आणि पांढरा मिसळला तर या छटेचा रंग दिसेल" असा त्याचा अर्थ. गुलाबीसर नारिंगी, पोपटी, आकाशी सगळे याने निकालात निघतात. पांढऱ्यापासून कडेच्या किती जवळ गेलात, ती शुद्धता. तीही दाखवा.

सामान्य स्क्रीनचा पूर्ण लाल घेतलात तर ६११ च्या आसपास येईल, हिरवा ५४९, निळा ४६४, आणि पिवळा ५७०. तुमचा कोड तपासायला हे चार आकडे पुरतील.

लोलकवाला
भारीच. आणि राणी?

चौरंगी
नालेची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ म्हणजे राणी आणि त्याच्या भावंडांचं घर. तिथे तरंगलांबी लिहिलेली नाही. रेघ तिथे लागली की उलट्या बाजूने ओढायची आणि समोरच्या हिरव्याचा आकडा पूरक म्हणून लिहायचा. स्क्रीनवरचा पूर्ण राणी आणि पूर्ण हिरवा एकत्र केले की पांढरं होतं, म्हणून राणीसमोर पूरक ५४९ येईल. तो आकडा राणीचा नाही, राणीत जे नाही त्याचा आहे. आकड्यापुढे "पूरक" असं स्पष्ट लिहा, नाहीतर कुणीतरी राणीला हिरवा म्हणून घरी जाईल.

भिंगरी
न्यूटनने रंगांचं वर्तुळ काढताना वर्णपटाचं लाल टोक आणि जांभळं टोक जोडलं होतं, तो सांधा हाच.

टिवल्याबावल्या
तपकिरी राहिला. तपकिरीला कुणी वाली नाही.

काटकोन
तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या मानाने अंधुक नारिंगी. लोलकवाला, स्क्रीनवर नारिंगी चौकोन काढून तो बराच मंद करा. भोवती पांढरं ठेवलंत तर तपकिरी, भोवती काळं आणि खोलीत अंधार केलात तर पुन्हा नारिंगी. चौकोनातून येणारा प्रकाश दोन्ही वेळा तोच. म्हणून चौरंगींच्या पद्धतीने तपकिरीला नारिंगीचाच आकडा मिळेल. शेजारी उजळपणाचा तिसरा आकडा द्यावा लागेल.

लोलकवाला
म्हणजे एका आकड्याऐवजी तीन: प्रभावी तरंगलांबी, शुद्धता, उजळपणा. करड्याला आणि पांढऱ्याला पहिला रकाना रिकामा. आणि स्लायडरच्या बाजूला सूचना टाकतो की ५०० च्या आसपासचा शुद्ध निळसर हिरवा कुठल्याही साध्या स्क्रीनवर खरा दिसत नाही, तो नालेच्या पार कडेला आहे आणि स्क्रीनला दाखवता येणाऱ्या रंगांचा त्रिकोण तिथवर पोचत नाही. तिथे मी जवळात जवळचा रंग दाखवतोय.

चौरंगी
बरोब्बर. जांभळ्या टोकालाही तेच. स्क्रीनवर तिथे निळ्यात थोडा लाल मिसळून वेळ मारून न्यावी लागते.

मीटरपट्टी
आणि "तरंगलांबी, निर्वातात" असं लिहा. निदान एवढी तरी शिस्त पाळा.

लोलकवाला
लिहितो, लिहितो.

दुरंगी
माझी एकच मागणी. तरंगलांबीचा आकडा चौकोनाच्या आत, त्याच रंगाच्या अक्षरांत लिहू नका. बाहेर, काळ्यावर पांढऱ्यात, मोठ्या टाइपात. आणि शक्य असेल तर एक बटण द्या: ते दाबलं की चौकोनातला रंग माझ्यासारख्याला जसा दिसतो तसा दिसावा. ४९८ वर आणून ते दाबा आणि मीटरपट्टींना स्क्रीनशॉट पाठवा.

लोलकवाला
बटणाचं नाव "दुरंगी" ठेवतो. चौरंगी, तुमचा तो नकाशा आकड्यांच्या रूपात, पाच-पाच नॅनोमीटरच्या टप्प्याने कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.